कडब्यातलं टोक

डिसेंबर १९९९ मध्ये हिंगोलीच्या मैदानावर मुलींच्या तीरंदाजीची जिल्हा निवड चालू असताना एका बाणाचं टोक टार्गेटमध्ये राहिलं. टार्गेट कडब्याचं, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचं होतं. ज्या मुलीचा बाण होता तिने टोक काढल्याशिवाय तिथून हलायला नकार दिला. पंचांनी शिट्टी वाजवली. ती हलली नाही. निवड थांबली.

ती मुलगी मी होते. दहावीत होते. जिल्हा त्याच वर्षी परभणीतून वेगळा झाला होता, त्यामुळे हिंगोली जिल्ह्याचा म्हणून मुलींचा संघ पहिल्यांदाच निघणार होता. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या या संघात तीन जागा होत्या. टोक अडकलं तेव्हा मी तिसरी होते.

पुढचं सगळं माझ्या आठवणीतलं आहे. त्या वेळी माझ्यासोबत नेम धरणाऱ्या मैत्रिणीशी ते ताडून पाहिलं आहे. जिथे दोघींचं जमलं नाही तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवात जून १९९८ मध्ये जवळा बाजारच्या आमच्या शाळेत झाली. मी नववीत होते. शाळेत नवे क्रीडा शिक्षक आले. ते अमरावतीकडे शिकलेले होते आणि येताना कापडात गुंडाळलेलं बांबूचं धनुष्य घेऊन आले होते. पहिल्या दिवशी मैदानावर मुलांची गर्दी झाली. सरांनी धनुष्य दाखवलं, दोरी चढवून दाखवली आणि बाण पिशवीतच ठेवले.

"बाण मी देईन तेव्हा," ते म्हणाले. "आधी दोरी तुमचं ऐकते का ते पाहू."

महिनाभर त्यांनी फक्त सायकलची ट्यूब ताणायला लावली. डावा हात सरळ, उजवा हात हनुवटीखाली, श्वास धरायचा, सावकाश सोडायचं. पुन्हा तेच. मुलं आठवड्यातच क्रिकेटला परतली. शेवटी आम्ही दोघी राहिलो, एक मी आणि एक आमच्या गावाच्या पलीकडच्या तांड्यावरची माझ्या वर्गातली मुलगी. आम्ही दोघी रोज सोबत पायी शाळेत जायचो.

आम्ही राहिलो याचं कारण साधं होतं. शाळेत मुलींसाठी खो-खो होता, पण खो-खोचं मैदान क्रिकेटवाल्यांनी कधीच घेऊन टाकलं होतं. तीरंदाजीला मैदानाची एक लांब पट्टी लागते आणि बाण सुटत असताना त्या पट्टीत क्रिकेटवाले येत नाहीत. ही गोष्ट पहिला बाण हातात आला त्याच दिवशी आमच्या लक्षात आली. पुढची दोन वर्षं ती पट्टी आम्ही सोडली नाही. चेंडू आला तर तिथेच पडून राहायचा. मुलं लांबून ओरडायची, "ए, बॉल टाक ना!" मैत्रीण धनुष्य खाली न करता ओरडायची, "ये की, घेऊन जा!"

मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हतं. एकदा ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले आणि सरांना म्हणाले, "मुलींना धनुष्य कशाला? गॅदरिंगला सीतास्वयंवर बसवा, त्यात चालंल."

"सर, त्यात धनुष्य मोडायचं आस्तंय," मैत्रीण म्हणाली. "आमच्यापाशी एकच हाय."

क्रीडा शिक्षक दुसरीकडे बघत राहिले. मुख्याध्यापक निघून गेले. सीतास्वयंवर त्या वर्षी झालं नाही.

धनुष्याची दोरी सुटली की डाव्या हाताच्या आतल्या बाजूला लागते. सवय होईपर्यंत रोज लागते. कोपरापासून मनगटापर्यंत माझा हात निळा-काळा झाला होता. गावात हापशावर पाणी भरताना बायांनी तो पाहिला.

"बापानं मारलं व्हय गं?"

"न्हाई. दोरीनं लागलं."

"बया! दोरीनं बांधून मारलं?"

हसू झालं. एक म्हातारी मात्र हसली नाही. "लग्नाआधीच आसला हात झाला तर कोन करल पोरीला?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी लांब बाह्यांचा ड्रेस घालून निघाले. रस्त्यात मैत्रिणीने माझी बाही वर सारली.

"झाकू नको," ती म्हणाली. "झाकलं की म्हनतेत, कायतरी लपवून राहिली."

त्यानंतर बाही वरच राहिली. काही दिवसांनी मैत्रिणीच्या आईने आम्हा दोघींना हातावर बांधायला पट्ट्या शिवून दिल्या. तांड्यावरच्या बायांचे घागरे कशिद्याचे आणि आरशांचे असतात. एका जुन्या घागऱ्याचा तुकडा कापून, चार पदरी करून तिने या पट्ट्या केल्या होत्या. आरशात दोरी अडकली असती, म्हणून ते काढले होते. जिथे आरसे होते तिथे दोऱ्याची गोल घरं तशीच राहिली होती.

शाळेतलं टार्गेट म्हणजे सोयाबीनचं भुस्कट भरलेली पोती. पावसाळ्यात ती कुजली, नंतर उंदरांनी फोडली. सुट्टीत सराव बंद पडायचा. म्हणून सरांनी सुट्टीपुरतं धनुष्य आम्हाला घरी न्यायला परवानगी दिली. आठवड्यातले अर्धे दिवस ते तांड्यावर असायचं, अर्धे दिवस आमच्या आखाड्यावर. आखाडा म्हणजे शेतातली जनावरं बांधायची आणि वैरण रचायची जागा. तिथे आमची कडब्याची गंजी होती.

तीस मीटर अंतर सरांनी शाळेत टेपने मोजून दिलं होतं. ते मी बैलांच्या कासऱ्यांना कासरा जोडून, गाठी मारून आखाड्यावर आणलं. टार्गेटचा कागद मिळत नव्हता. खताच्या पोत्याच्या पांढऱ्या बाजूवर गोल काढले. मधला पिवळा गोल हळदीचा. हळद वसमतच्या बाजारातली, घरची वर्षभराची. त्याबाहेरचा तांबडा गेरूचा, निळा कपड्यांच्या निळीचा, काळा तव्याच्या काजळीचा. शेवटचा पांढरा तसाच ठेवला. माय, म्हणजे आई, हळदीचा डबा बघून म्हणाली, "भाजीला ठिवली का थोडी?" पण तिने डबा काढून घेतला नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते बाजेवर बसून बघायचे. पहिला बाण गंजीच्या वरून गेला.

"गंजीला न्हाई लागत तर न्हाई," ते म्हणाले. "कळमनुरीला जाऊन पडला की निरोप येईल."

त्यांनी एकच अट घातली. कडबा वाया जाता कामा नये. म्हणून असं ठरलं की गंजीच्या तोंडाला काही पेंढ्या दाबून बांधायच्या, त्यांच्यावर बाण मारायचे आणि पेंढ्या सैल झाल्या की त्या सोडून बैलांपुढे टाकायच्या. मग नव्या बांधायच्या. बाण लागल्याने वैरण खराब होत नाही. या ठरावात काही चूक आहे असं अण्णांना वाटलं नाही, मला वाटलं नाही, सरांना सांगितलं तेव्हा त्यांनाही वाटलं नाही. बाहेरच्या ज्यांना मी पुढे हे सांगितलं त्यांना ऐकताक्षणी चूक दिसली. त्यांच्याकडे बैल नव्हते.

नोव्हेंबर १९९९ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, दिवस मावळायच्या सुमारास मी बाण गोळा करत होते. माझ्याकडे चार बाण होते. ते मी शेतातल्या पाण्याच्या पाइपच्या तुकड्यात ठेवायची. शेवटचा बाण पाइपात घालताना त्याला टोक नाही हे दिसलं. बाणाची लोखंडी टोकं लाखेनं बसवलेली असत. उन्हात लाख मऊ व्हायची. बाण ओढला की कधी कधी नुसती काडी हातात यायची आणि टोक आतच राहायचं. सैल झालेल्या पेंढ्या अण्णांनी मगाशीच सोडून नेल्या होत्या.

मी पळत गेले.

"अण्णा, वैरण नका टाकू!"

"टाकली. काहून?"

"बाणाचं टोक हाय त्यात."

त्यांनी दोन्ही बैलांना मागे ओढून कासरे खुंट्याला आखडून बांधले. थोरल्या बैलाचं तोंड उघडून त्यात कोपरापर्यंत हात घातला. मग धाकट्याचं. हात बाहेर काढून धोतराला पुसला आणि मला म्हणाले, "हुडक."

जनावराच्या पोटात लोखंड गेलं तर काय होतं हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्याच उन्हाळ्यात मैत्रिणीच्या घरची गाय तार गिळून मेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट फाडून तार दाखवली होती आणि आम्ही दोघींनी ती पाहिली होती.

अंधार पडेपर्यंत मी, माय आणि अण्णा गव्हाणीतली वैरण काडी-काडी करून बघत होतो. सापडलं नाही. बैलांना त्या दिवशी वैरण दिली नाही, नुसतं पाणी दाखवलं. घरी जाताना अण्णांनी धनुष्य माझ्या हातातून घेतलं.

"टोक सापडेस्तोवर ह्याला हात लावायचा न्हाई."

महिन्यावर जिल्ह्याची निवड आली होती.

सकाळी मैत्रीण धनुष्य न्यायला आली आणि सगळं ऐकून तशीच परत गेली. थोड्या वेळाने आली ती बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन. "आमची गाय गेली," ती अण्णांना म्हणाली, "तुमचे बैल न्हाई जाऊ द्यायचे." चुंबकाला सुतळी बांधून तिने ते गव्हाणीतून, शेणातून आणि मातीतून फिरवलं. त्याला आधी दोन खिळे चिकटले, मग टाचणीसारखं काहीतरी. टोक मिळालं ते थोरल्या बैलाच्या बाजूला, चघळीत. चघळ म्हणजे जनावराने खाऊन बाजूला सारलेली जाड ताटं. बैलाने ते तोंडात घेऊन टाकलं होतं की तोंडानेच नुसतं बाजूला सारलं होतं, हे सांगता येत नाही. मैत्रीण म्हणते, टोक लाळेनं ओलं होतं. मला कोरडं आठवतं.

अण्णांनी ते अंगठ्याने पुसलं आणि खिशात टाकलं.

"धनुष्य?" मी विचारलं.

"झालं तेवढं बास."

"तुमी म्हनला व्हता, सापडेस्तोवर. सापडलं."

"लई वकील झाली."

"तुमचाच शब्द हाय अण्णा, माझा न्हाई."

माय गव्हाणीपाशी वाकून चघळ गोळा करत होती. ती वर न बघता म्हणाली, "बराबर बोलून राहिली ती."

अण्णांनी मला थोरल्या बैलापाशी नेलं आणि माझा हात त्याच्या पाठीवर ठेवायला लावला. आमच्याकडे बैलाची शपथ देवाच्या शपथेइतकीच मानतात. देवाच्या शपथेतून सुटायला नवस करता येतो. बैलाच्या शपथेतून सुटायला काही नाही.

"म्हन," ते म्हणाले. "टोक मोजल्याबिगर कडब्यापासून हलनार न्हाई."

"आपल्या कडब्यापासून?"

"कडबा कुनाचा बी आसू दे. खानारं जनावरच आस्तंय."

मी तसं म्हटलं. मैत्रिणीनेही पुढे होऊन बैलावर हात ठेवला आणि तेच म्हटलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी खिशातून टोक काढून माझ्या हातावर ठेवलं.

त्यानंतरचा महिना प्रत्येक वेळी बाण काढले की चारही टोकं मी हातावर घेऊन बघायची आणि मगच मागे यायची. अण्णा नसले तर मायला दाखवायची. "दुकानदारावानी मोजून राहिली," ती म्हणायची. शाळेतही मी हेच करू लागले. वेळ जातो म्हणून सर एकदा चिडले. मी त्यांना बैलाची गोष्ट सांगितली. ते पुन्हा चिडले नाहीत.

निवडीच्या दिवशी सर आणि आम्ही दोघी जवळा बाजारहून एसटीने औंढ्यावरून हिंगोलीला गेलो. सरांनी निवडीपुरतं दुसरं धनुष्य उसनं आणलं होतं, त्यामुळे दोघींकडे एकेक होतं. मैदानावर बऱ्याच शाळांच्या मुली होत्या. शहरातल्या मुलींकडे ट्रॅकसूट होते आणि बाण ठेवायला चामड्याचे भाते. आमच्याकडे पाइपचे तुकडे होते.

"ही बघ, पाइपलाइन आली," एक जण म्हणाली.

"तुमच्याकडं पानी न्हाई म्हनले, म्हनून आनली," मैत्रीण म्हणाली.

टार्गेट कडब्याची होती. पेंढ्या एकमेकींवर रचून, दोरखंडाने आवळून, बांबूच्या चौकटीत बसवलेल्या. कडब्याची गाडी मैदानाच्या कडेला लिंबाखाली सोडलेली होती आणि तिचे बैल चाकाला बांधलेले होते. गाडीवाला साठीच्या आसपासचा शेतकरी होता. मी त्याला विचारलं, "मामा, कडबा तुमचा?"

"माझाच. ह्यांनी मागितला, दिला. सांजच्याला भरून नेतो." तो हसला. "नीट मारा पोरींनो, भुगा नका करू. माझी ढोरं जगून राहिली हायेत त्यावर."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिनेही ते ऐकलं होतं.

निवडीची पद्धत अशी होती. एका डावात प्रत्येकीने तीन बाण मारायचे. शिट्टी झाली की सगळ्यांनी टार्गेटपाशी जायचं, पंचांसमोर गुण लिहून घ्यायचे, आपले बाण काढायचे आणि रेषेमागे परत यायचं. शेवटची मुलगी मागे येईपर्यंत पुढचा डाव सुरू होत नाही. पंच बाहेरून आलेले होते. मैदानावरच्या लोकांशी ते फारसं बोलत नव्हते. वेळ पाळणारे होते.

पहिले काही डाव माझे बरे गेले. मी प्रत्येक वेळी टोकं बघूनच मागे यायची, त्यामुळे नेहमी शेवटची असायची. पंचांनी दोनदा "लवकर" म्हटलं. निम्मी निवड झाली तेव्हा त्यांनी गुणांची बेरीज वाचून दाखवली. शहरातल्या दोघी पुढे होत्या, मी तिसरी, मैत्रीण माझ्यामागे चौथी.

पुढच्या डावात माझे दोन बाण तांबड्यात आणि एक पिवळ्यात बसला. गुण लिहून झाले. मी पिवळ्यातला बाण ओढला. काडी आली. टोक आलं नाही.

गुणांवर याचा काही परिणाम होत नव्हता. पाइपात चौथा बाण होता. मला मागे येऊन पुढचा डाव मारता आला असता. सगळ्या मुली मागे गेल्या होत्या. पंचांची शिट्टी झाली.

मी छिद्रात बोट घातलं. टोक लागलं नाही. पेंढी दाबून बसवलेली होती आणि टोक आत कुठेतरी ताटात रुतलं होतं. मी दोर सैल करायला लागले.

"ए मुली! मागे ये!"

"सर, टोक राहिलंय."

"राहू दे. दुसरा बाण आहे ना?"

"बाण हाय. पन टोक कडब्यात हाय."

"मग?"

"कडबा बैलांना जानार हाय सर."

पंच थोडं पुढे आले. आमचे सर रेषेमागून ओरडले, "ये मागं, संपल्यावर मी काढतो!" मी त्यांना ओरडून सांगितलं की अजून कितीतरी बाण बसतील, टोक आणखी आत जाईल, मग कुणालाच काढता येणार नाही.

मैत्रीण रेषा सोडून माझ्यापाशी आली. "सरक," म्हणाली आणि दोराच्या गाठीला हात घातला.

"तू जा," मी म्हटलं. "दोघींनी बाद व्हायचं काय कारन न्हाई."

"मी बी शप्पत घेतलीय."

"तुझी टोकं तू मोजली. हे माझं हाय. जा."

ती गेली. मी तिला ढकललं, असं ती आजही म्हणते. मला ढकललेलं आठवत नाही.

तोवर गाडीवाला उठून आला होता. त्याच्या हातात विळा होता. पंचांनी हात वर केला.

"ओ काका, मैदानात यायचं नाही!"

"मैदान तुमचं आसल," तो म्हणाला, "कडबा माझा हाय." आणि तो माझ्या शेजारी येऊन बसला.

पंचांनी घड्याळ पाहिलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "हे बघ," ते म्हणाले, "आता मागे येतेस, की पुढच्या डावाचे तुझे तिन्ही बाण शून्य लिहू?"

"लिहा."

"नीट ऐकलंस का? शून्य."

"ऐकलं सर. लिहा."

त्यांनी लिहिलं. त्यांच्या हातातली फळी मला दिसत होती. रेषेमागून कुणीतरी हसलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, "येडी हाय का?" गाडीवाल्याने विळ्याने दोर कापला, वरची पेंढी सुटली आणि आम्ही दोघं ताटं चाळू लागलो. तो मध्येच हळू आवाजात म्हणाला, "पोरी, तू म्हनली नसती तर मला कळलं बी नसतं." मी म्हटलं, "म्हनून तर थांबले." त्याने मान हलवली आणि हात चालू ठेवले.

टोक एका ताटाच्या पेरात रुतलेलं होतं. विळ्याच्या टोकाने ते सुटलं. मी ते गाडीवाल्याला दाखवलं, पंचांना दाखवलं आणि रेषेमागे आले. गाडीवाल्याने नवी पेंढी आणून बांधून दिली. मैत्रीण म्हणते, त्या वेळी पंच हसले. मी त्यांच्याकडे पाहत होते. मला ते हसलेले दिसले नाहीत.

पुढचा डाव झाला. मी धनुष्य खाली धरून रेषेच्या मागे उभी राहिले. बाकीच्या मुलींनी तीन-तीन बाण मारले. सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. उरलेले डाव मी मारले. बाण चांगले पडले. प्रत्येक डावानंतर मी टोकं मोजली आणि शेवटची मागे आले. पंचांनी पुन्हा "लवकर" म्हटलं नाही.

संध्याकाळी तीन नावं वाचली. शहरातल्या दोघी आणि तिसरी मैत्रीण. मी चौथी होते.

परतीच्या एसटीत औंढा आल्यावर मैत्रीण म्हणाली, "तुझ्या जागेवर जाऊन राहिली मी."

"माझी जागा न्हाई ती. बाण तुझे, जागा तुझी."

"तुला वाईट वाटून राहिलं का?"

"व्हय."

"मग शून्य काहून घेतलं?"

"टोक सापडलं ना."

"लई जिद्दी हायस," ती म्हणाली. "माझी पट्टी सैल झालीय, तुझी दे. राज्याला तीच घालते." मी हातावरची पट्टी सोडून तिला दिली.

घरी अण्णा आखाड्यावर होते. मी पाइप त्यांच्या हातात दिला. त्यांनी चारही बाण काढून बघितले. एका काडीला टोक नव्हतं, ते मी वेगळं दिलं.

"नाव लागलं का?"

"न्हाई. चौथी."

मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुनाचा कडबा होता?"

"नाव न्हाई विचारलं."

ते उठून बैलांना वैरण टाकायला गेले. सकाळी मी आखाड्यावर गेले तेव्हा गंजीच्या तोंडाला नव्या पेंढ्या दाबून बांधलेल्या होत्या. मी त्या बांधल्या नव्हत्या.

हापशावर बातमी पोचलेली होती. "चौथी आली म्हनं?" ज्या म्हातारीने माझा हात बघून लग्नाचं काढलं होतं तिने विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "पुढच्या साली बघा."

"पुढच्या साली तुझं लगीन."

"मग नवऱ्याला घेऊन जाते, टोकं मोजायला."

या वेळी तीही हसली. लग्न पुढच्या वर्षी झालं नाही. मी अकरावीला वसमतला गेले आणि सुट्टीच्या दिवशी आखाड्यावर येऊन सरांच्याच धनुष्याने बाण मारत राहिले.

डिसेंबर २००० मध्ये निवड पुन्हा हिंगोलीच्या त्याच मैदानावर झाली. टार्गेट कडब्याचीच होती. पंच तेच होते. पहिला डाव सुरू व्हायच्या आधी त्यांनी सगळ्या मुलींना रेषेमागे उभं केलं आणि नियम सांगितले. शेवटचा नियम मागच्या वर्षी नव्हता. बाण काढल्यावर प्रत्येकीने टोकं तपासायची, पंचांना दाखवायची आणि मगच मागे यायचं.

संध्याकाळी तीन नावं वाचली. माझं दुसरं होतं.